नागपूर : पाच राजवटींची राजधानी

नागपूर हे शहर १७०२ साली देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने वसवले असे मानले जाते. त्याच्या वारसाने राजधानी देवगडहून इथे आणली आणि १ नोव्हेंबर १९५६पर्यंत ती इथून हलली नाही. या काळात राजवटी मात्र पाच झाल्या. गोंड गेले, भोसले आले. भोसल्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, कंपनीच्या जागी ब्रिटिश राजसत्ता आली आणि तिच्यानंतर स्वतंत्र भारताचे मध्य प्रदेश राज्य. या बदलांत राज्याच्या सीमा बदलल्या, कारभाराची भाषा बदलली, खजिन्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. शहर तेच राहिले. संत्री, सावजी रस्सा आणि डिसेंबरातले अधिवेशन एवढ्यावर ज्यांची नागपूरची ओळख संपते, त्यांना कटक, रतनपूर, सागर, जबलपूर आणि बस्तर यांचा कारभार कधी ना कधी याच शहरातून चालला हे सहसा ठाऊक नसते.

वस्ती अर्थातच १७०२पेक्षा फार जुनी आहे. काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे महापाषाणयुगीन शिळावर्तुळांचा मोठा समूह असून त्यातील काही वर्तुळे जे. एच. रिव्हेट-कारनॅक यांनी १८७९मध्ये खणून पाहिली. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलांच्या वतीने इथून राज्य चालवले. तिच्या नावाची मातीची मुद्रा अलीकडच्या उत्खननात नगरधनलाच सापडली. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळालेल्या, इ.स. ९४०च्या राष्ट्रकूट ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन असा प्रदेशाचा उल्लेख आहे. शहर नवे असले तरी नाव आणि राजधानीचा परिसर, दोन्ही जुनी आहेत.

बख्त बुलंदाचे देवगड आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोडते. राज्याच्या वारसाहक्काच्या भांडणात तो औरंगजेबाच्या दरबारात गेला, १६८६मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि हे नाव घेऊन परतला. पुढे मोगलांची सत्ता सैल होताच त्याने त्यांच्याच मुलखावर हल्ले केले. त्याची खरी कामगिरी लढाईपेक्षा वसाहतीची. बाहेरून शेतकरी, विणकर, कारागीर, व्यापारी आणून त्याने त्यांना जमिनी दिल्या. हिंदू-मुसलमान असा भेद त्यात नव्हता. नाग नदीकाठच्या राजापूर-बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वाड्या एकत्र करून त्याने गाव आखले. पुढे शंभरेक वर्षांनी इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने लिहिलेल्या अहवालातही या राजाच्या काळात शेती, उद्योग आणि व्यापार वाढल्याची नोंद आदराने केलेली आहे. गोंड राज्य म्हणजे जंगलातली टोळी, हा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. नागपूरची आखणीच त्याला उत्तर देते.

बख्त बुलंदाचा वारस चाँद सुलतान. राजधानी नागपूरला आणणारा तोच. त्याने शहराभोवती सुमारे तीन मैलांचा तट बांधला आणि जुम्मा तलाव घडवला. तलाव आज गांधीसागर किंवा शुक्रवारी तलाव म्हणून ओळखला जातो. तट नाहीसा झाला, पण त्याचा जुम्मा दरवाजा महाल भागात गांधीद्वार या नावाने उभा आहे आणि रोज हजारो दुचाक्या त्याखालून जातात. रशियात पीटर द ग्रेट याने सेंट पीटर्सबर्गचा पाया १७०३मध्ये घातला. दोन नव्या राजधान्यांच्या वसाहतीत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. पीटर्सबर्गचे राजधानीपण १९१८मध्ये गेले, नागपूरचे त्यानंतर ३८ वर्षांनी.

चाँद सुलतान १७३९च्या सुमारास वारला आणि वली शाहाने गादी बळकावली. राजाची विधवा रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. छत्रपती शाहूंचे सेनासाहेबसुभा असलेल्या रघूजींनी वली शाहाचा पाडाव करून बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह या दोघा राजपुत्रांना गादीवर बसवले. पुढे या भावांत फूट पडली आणि १७४३मध्ये रघूजींनी सर्व कारभार आपल्याकडे घेतला. यानंतर जे घडले ते हिंदुस्थानच्या इतिहासात विरळाच. जिंकलेल्या राजघराण्याला रघूजींनी ना संपवले ना हद्दपार केले. बुऱ्हाण शाहाला राजा हा किताब, नेमणूक आणि राजधानीतला वाडा राहिला. एकाच शहरात दोन राजघराणी नांदली. भोसल्यांचे राज्य गेल्यावरही गोंड राजांचे वंशज नागपुरातच राहिले. महालातील गोंड राजाचा किल्ला हा पर्यटकांच्या फेरीत सहसा नसतो. तो असायला हवा.

रघूजींच्या काळात नागपूरचा पल्ला बंगालच्या उपसागरापर्यंत पोचला. १७४०-४१च्या कर्नाटक मोहिमेत त्यांनी त्रिचनापल्ली जिंकून चंदासाहेबाला कैद केले होते. त्यांचा सेनापती भास्कर राम कोल्हटकर याने छत्तीसगडातील रतनपूर घेतले आणि १७४२मध्ये बंगालवर चाल केली. १७४४मध्ये नवाब अलिवर्दीखानाने त्याला बोलणीसाठी मानकरा येथील छावणीत बोलावून साथीदारांसह ठार केले. रघूजींनी मोहीम सोडली नाही. १७५१च्या तहाने बंगालची १२ लाख रुपये चौथाई आणि ओडिशाचा वसूल नागपूरकरांच्या पदरात पडला. पुढची बावन्न वर्षे कटकला भोसल्यांचा सुभेदार होता.

या इतिहासाला दोन बाजू आहेत आणि मराठी वाचकाने दोन्ही पाहायला हव्यात. बंगालमध्ये या स्वाऱ्यांची आठवण लुटालूट, जाळपोळ आणि अत्याचारांची आहे. गंगाराम नावाच्या कवीने त्याच सुमारास लिहिलेल्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात त्या वर्णिलेल्या आहेत आणि बर्गी, म्हणजे बारगीर, तिथल्या अंगाईगीतांत भीती दाखवण्यासाठी आजही येतात. कलकत्त्याच्या इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीने १७४२मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही. पुढे बुजवला गेला आणि त्या ओळीवर सर्क्युलर रोड झाला. ओडिशातली आठवण निराळी आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिराची व्यवस्था मराठ्यांच्या हाती होती, यात्रेची आणि अन्नछत्रांची सोय त्यांनी केली. मंदिराच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कच्या ओसाड सूर्यमंदिरातून पुरीला आणला गेला तोही अठराव्या शतकात, मराठ्यांच्याच अमलात.

नागपुरात बंगालच्या मोहिमेची एक खूण सण म्हणून उरली आहे. गणेशोत्सव संपल्यावर, पितृपक्षात बसणारा हडपक्या किंवा मस्कऱ्या गणपती. भोसले घराण्यातील खंडोजी ऊर्फ चिमणाबापू बंगालची स्वारी जिंकून परतले तेव्हा घरच्या गणपतीचे विसर्जन होऊन गेले होते, म्हणून विजयाचा उत्सव वेगळी मूर्ती बसवून केला गेला, अशी परंपरा सांगतात. पितृपक्षात शुभकार्य टाळणाऱ्या समाजात हा उत्सव टिकून आहे हे विशेष.

१७५५मध्ये रघूजी पहिले वारले. जानोजी आणि मुधोजी यांच्या काळात शहर पेठांनी वाढले. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावे बाजाराच्या वारांवरून आलेली. सक्करदरा, तुळशीबाग, तेलंगखेडी येथील बागा आणि तळीही भोसल्यांच्या काळात उभी राहिली. दरबारात परदेशी वकिलांची ये-जा असे. बंगालहून काश्मीर, अफगाणिस्तान आणि रशियामार्गे खुष्कीने इंग्लंडला गेलेला प्रवासी जॉर्ज फोर्स्टर कंपनीचा वकील म्हणून इथे आला आणि १७९१मध्ये नागपुरातच मरण पावला. १७९९मध्ये आलेला हेन्री टॉमस कोलब्रुक हा त्या काळचा मोठा संस्कृत पंडित. हिंदू कायदा, बीजगणित आणि वेद यांवरचे त्याचे लेखन युरोपातील संस्कृत अभ्यासाचा पाया ठरले. त्यानंतर आला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला. दूरवरच्या राजधानीत ही माणसे नेमली जात, कारण कलकत्ता आणि मुंबई यांच्यामधला मोठा मुलूख नागपूरकरांच्या हाती होता.

हा मुलूख १८०३मध्ये बराच घटला. असईच्या लढाईत शिंदे आणि नागपूरचे तेव्हाचे राजे दुसरे रघूजी इंग्रजांपुढे एकत्र हरले, अडगाव आणि गाविलगडाने उरलेसुरले बळ गेले आणि १७ डिसेंबर १८०३च्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडावे लागले. वऱ्हाड इंग्रजांनी निजामाला दिले. या एका कलमाचे परिणाम नागपूरच्या नकाशावर पुढे दीडशे वर्षे उमटत राहिले.

निर्णायक लढाई आज शहराच्या मधोमध असलेल्या जागी झाली. सीताबर्डी म्हणजे दोन टेकड्या, एक थोरली आणि एक धाकटी. २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी तेव्हाचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेने तिथल्या इंग्रज तुकडीवर तोफा डागल्या. भोसल्यांचे बळ कितीतरी पटींनी अधिक होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या अरब पलटणीने धाकटी टेकडी घेतलीही. पण कॅप्टन फिट्झजेराल्ड याच्या घोडदळाने बाजू उलटवली. अप्पासाहेबांना शरण यावे लागले. नंतर त्यांना कैदेत अलाहाबादकडे नेत असताना पहारेकऱ्यांना फितवून ते निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले, तिथून असीरगड, पंजाब असे करत जोधपूरला पोचले आणि तिथे १८४०मध्ये वारले. त्यांच्या या फरारी आयुष्यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. टेकड्यांवर इंग्रजांनी लढाईनंतर किल्ला बांधला. तो आज लष्कराच्या ताब्यात असून २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टसारख्या मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतो.

अप्पासाहेबांच्या जागी तिसरे रघूजी वयाने लहान असतानाच गादीवर आले, त्यामुळे राज्य प्रत्यक्षात रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती गेले. याच काळात भारताच्या मोजणीचा मोठा माणूस नागपूरच्या वाटेवर गेला. महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून आपले ठाणे नागपूरला हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. मोजणीच्या दृष्टीने नागपूरची जागा मध्यवर्ती आहे ही जाणीव शहरातला मोजणीचा प्रसिद्ध खांब, झिरो माईल, उभा राहण्याच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षे आधीपासून होती, हे यातून दिसते. संत्र्याची रोपे औरंगाबादहून आणून आपल्या बागेत लावणारे राजेही हेच तिसरे रघूजी, असे सांगितले जाते. नागपुरी संत्र्याला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी पुत्राविना वारले. राणीवशाने यशवंतराव अहिरराव यांना दत्तक घेतले, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून १८५४मध्ये राज्य खालसा केले. त्याच्या कौन्सिलातील कर्नल जॉन लो याने याला लेखी विरोध नोंदवला होता. डलहौसीच्या टिपणात एक कारण स्पष्ट आहे: इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस नागपूर आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकत होता. राजवाड्यातील जडजवाहीर, हत्ती, घोडे बाहेर काढून विकले गेले. दागिन्यांचा लिलाव कलकत्त्यात झाला. दत्तक पुत्राला पुढे जो किताब मिळाला तो देऊरचे राजे बहादूर असा. देऊर हे सातारा जिल्ह्यातले भोसल्यांचे गाव. नागपूरच्या राजाच्या किताबात नागपूरच उरले नाही. भोसल्यांच्या विखुरलेल्या वस्तूंपैकी रघूजी पहिल्यांची सोन्याच्या अक्षरांची तलवार एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली.

या उलथापालथीत दुसऱ्या रघूजींच्या राणी बांकाबाई इंग्रजांशी जुळवून राहिल्या. लोकांनी त्याची नोंद आपल्या पद्धतीने ठेवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या काळ्या मारबतीचा, म्हणजे मिरवून जाळायच्या पुतळ्याचा, संबंध परंपरा बांकाबाईशी जोडते. काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते असे मंडळे मानतात. बांकाबाईंना हा निवाडा पुरेसा न्याय देतो का, याचा इतिहासकारांनी नव्याने विचार करायला हवा; राज्य गेल्यावर घराण्याची पोटगी आणि वाडे टिकवणे एवढेच त्यांच्या हाती होते.

१८६१मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्य प्रांत तयार झाला. पुढच्याच वर्षी रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर झाला आणि १८६३मध्ये मध्यवर्ती संग्रहालय, नागपूरकरांचा अजब बंगला, सुरू झाले. ज्या माणसाच्या अभ्यासाने जगाला नागपूरची माती कळली तो स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप त्याच वर्षी गेला. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, ४ सप्टेंबर १८६३च्या रात्री, तो बोरीजवळच्या पुराच्या नाल्यात बुडाला. त्याने नागपूर परिसरातील खाणींतून गोळा केलेले वनस्पतींचे जीवाश्म १८६१मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात वर्णिले गेले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त झाडाची पाने होती. अशीच पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका इथल्या खडकांत सापडली आणि हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते या विचाराला आधार मिळाला. या खडकांना गोंडवाना हे नाव १८७२मध्ये हेन्री मेडलिकॉट याने दिले आणि ऑस्ट्रियाचा भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस याने ते सबंध प्राचीन खंडाला लावले. बख्त बुलंदाच्या लोकांचे नाव पृथ्वीच्या इतिहासात गेले. नागपूरजवळच्या कामठीचे नावही खडकांच्या एका स्तरसमूहाला आहे.

मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी पचमढी होती. सरकार उन्हाळ्यात डोंगरावर जाई आणि पावसाळ्यानंतर परते. किपलिंगच्या मोगलीचे सिवनीचे जंगलही याच प्रांतातले, म्हणजे त्याचे वनखातेही नागपूरच्याच सचिवालयाखाली. २० फेब्रुवारी १८६७ रोजी मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी जमशेदजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्या मुंबईत काढायच्या हा तेव्हाचा रिवाज. टाटांनी कापसाच्या शेतांजवळ, दलदलीची जमीन भरून गिरणी उभारली, तेव्हा एका सावकाराने जमिनीत पैसा पुरणाऱ्या माणसाला कर्ज देणार नाही असे म्हटल्याची गोष्ट टाटांच्या चरित्रांत येते. हवेतली आर्द्रता राखणारी यंत्रे आणि आगीवर पाणी फवारणारी व्यवस्था या गिरणीत होती. १८८६मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. तेव्हा असा कायदा हिंदुस्थानात कुठेही नव्हता. टाटा उद्योगसमूहाचा पाया पोलादाआधी नागपूरच्या सुताने घातला, ही गोष्ट जमशेदपूरच्या तुलनेत फार कमी ठिकाणी सांगितली जाते.

१९०२मध्ये निजामाने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिले आणि १९०३मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. देवगावच्या तहाने तुटलेला तुकडा शंभर वर्षांनी नागपूरकडे परत आला, पण नाममात्र मालकी निजामाचीच राहिली. हैदराबादच्या युवराजाला पुढे वऱ्हाडचा प्रिन्स असा किताब होता. अमरावतीचा कारभार नागपुरातून आणि किताब हैदराबादेत, ही स्थिती देश स्वतंत्र होईपर्यंत टिकली. दुसऱ्या टोकाला १९०५मध्ये उडिया भाषेचा संबळपूर जिल्हा मध्य प्रांतातून बंगालकडे गेला. भाषेच्या आधारावर नागपूरचा नकाशा बदलण्याची ही सुरुवात.

झिरो माईलचा चार घोड्यांचा खांब आणि त्यालगतचा छोटा दगड याच काळातले. खांब देशाचा मध्यबिंदू दाखवतो असे पर्यटकांना सांगितले जाते. दगडावरची नोंद मात्र महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या १९०७च्या उंची-खुणेची असून समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट अशी उंची तिथे नोंदलेली आहे. रेल्वे, धरणे, कालवे यांच्या मोजणीसाठी देशभर अशा खुणांचे जाळे विणले गेले. हा त्यातला एक महत्त्वाचा टाका. खांबाच्या पायावर वेगवेगळ्या शहरांची अंतरे कोरलेली आहेत.

राष्ट्रीय राजकारणात नागपूरची जागा याच मध्यवर्तीपणाने ठरली. १८९१मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन झाले. १९०७चेही इथेच व्हायचे होते, पण जहाल आणि मवाळ यांच्यातील स्थानिक वादामुळे ते सुरतेला हलवले आणि तिथे काँग्रेस फुटली. डिसेंबर १९२०चे नागपूर अधिवेशन तर देशाचे वळण ठरले. सी. विजयराघवाचारी अध्यक्ष होते, चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. त्याला विरोध करणारे महंमद अली जिना या अधिवेशनानंतर काँग्रेसमधून बाहेर पडले. इथेच काँग्रेसने नवी घटना स्वीकारली आणि आपल्या प्रांतिक समित्या सरकारी सीमांऐवजी भाषेप्रमाणे बांधल्या. त्यानुसार मध्य प्रांत-वऱ्हाडाचे तीन भाग झाले: हिंदी भागाचे ठाणे जबलपूर, मराठी भागाचे नागपूर आणि वऱ्हाडचे अमरावती. आपल्या राजधानीपणाला पुढे सुरुंग लावणारे तत्त्व नागपूरच्याच मांडवात मंजूर झाले. नागपूरच्या इतिहासातील सर्वांत मोठे आश्चर्य हेच आहे आणि शहरात त्याची आठवण करून देणारी पाटी कुठेही ठळकपणे दिसत नाही.

त्यानंतरचा काळ घटनांनी गजबजलेला आहे. १९२३मध्ये सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगा घेऊन जाण्यास बंदी झाली तेव्हा जमनालाल बजाज यांनी झेंडा सत्याग्रह सुरू केला. त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी तो चालवला आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. १९२५च्या विजयादशमीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित काँग्रेस १९३०मध्ये इथेच भरली आणि जुलै १९४२मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्मही इथलाच. देशाच्या चारही दिशांनी रेल्वेने येता येईल असे गाव म्हणून संघटना नागपूर निवडत होत्या.

राजधानीच्या संस्था आणि इमारतीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. विधान परिषद १९१४मध्ये सुरू झाली. जानेवारी १९३६मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले, सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश. न्यायालयाची वालुकाश्माची घुमटदार इमारत एच. ए. एन. मेड या वास्तुविशारदाची. नवी दिल्लीतील दोन मोठी चर्च बांधणारा हा माणूस. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जानेवारी १९४०मध्ये तिचे उद्घाटन केले. नवी दिल्लीच्या शैलीची इतकी सुडौल इमारत दिल्लीबाहेर क्वचितच असेल. प्रांताच्या विधिमंडळाने १९३८मध्येच स्वतंत्र महाविदर्भाचा ठराव केला होता, म्हणजे राज्य फोडण्याची मागणी राजधानीतल्या सभागृहातूनच पुढे आली.

स्वातंत्र्यानंतर नागपूरचे राज्य काही काळ उलट वाढलेच. १५ डिसेंबर १९४७ रोजी सरदार पटेल नागपूरला आले आणि छत्तीसगडच्या संस्थानिकांनी विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या. बस्तरसह चौदा संस्थाने १ जानेवारी १९४८पासून नागपूरच्या कारभाराखाली आली. २६ जानेवारी १९५०ला प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मध्य प्रदेशाची २३२ सदस्यांची विधानसभा नागपुरात भरत होती, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल, राजभाषा हिंदी आणि मराठी. भोपाळ तेव्हा एक स्वतंत्र छोटे राज्य होते. १९४९मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर जमत, टपालाच्या पिशव्या अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत जात. काल टाकलेले पत्र आज हजार किलोमीटर दूर पोचे, ते नागपूरमुळे.

२८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने मराठी नेत्यांनी विदर्भाने एकत्र मराठी राज्यात यावे यासाठी अटी मान्य केल्या: निधी आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि वर्षातून ठरावीक काळ सरकारचा मुक्काम नागपुरात. १९५५मध्ये फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने मात्र नागपूर राजधानी असलेल्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मानली गेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजच्या दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाचीच राजधानी होते. अठरा दिवसांनी आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. मध्य प्रदेशाचे सचिवालय भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला हलले; नागपूरचे मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला, पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले, जबलपूरला गेले. नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री म्हणून भोपाळला गेलेले शुक्ल ३१ डिसेंबर १९५६ रोजी वारले.

नकाशा बदलला म्हणून राजधानी गमावणारी शहरे जगात आणखीही आहेत. फिनलंड रशियाकडे गेल्यावर झारने १८१२मध्ये राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला नेली. डेन्मार्कशी जोडल्या गेलेल्या नॉर्वेच्या ऑस्लोचे राजधानीपण काही शतके कोपनहेगनकडे गेले; मधल्या काळात त्याचे नावही क्रिस्तियानिया झाले आणि १८१४नंतर राजधानी, तर १९२५मध्ये जुने नाव परत मिळाले. नागपूरच्या वाट्याला आले ते राजधानीपण वर्षातल्या काही आठवड्यांपुरते.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षीपासून नागपूरला हिवाळी अधिवेशन भरू लागले. मंत्रालयाचा कारभार, फायली आणि अधिकारी त्या काळात सिव्हिल लाइन्सला येतात. मुख्यमंत्री रामगिरीला उतरतात, उपमुख्यमंत्र्यांचा बंगला देवगिरी, मंत्री रविभवनात, मुख्यमंत्र्यांचे कार्यालय हैदराबाद हाउसमध्ये. उरलेले वर्षभर यांतल्या बहुतेक इमारती शांत असतात. उच्च न्यायालयाचे खंडपीठ मात्र मेडने बांधलेल्या इमारतीत बाराही महिने चालते. कराराची सर्वांत चोख पाळली गेलेली अट हीच. निधीच्या समान वाटपासाठी घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले, त्याची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. करोनामुळे २०२० आणि २०२१ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. डिसेंबर २०२२पासून विधिमंडळ पुन्हा नागपुरात भरते आहे.